जीभ जड नाहीये, ट आणि च चा घोळ आहे

टंग ट्विस्टर, म्हणजे जीभ अडखळवणारं वाक्य, पहिल्यांदा नीट येतं पण तिसऱ्यांदा फास्ट म्हणताना वाट लागते, मग माझी जीभ जड आहे का, असं विचारलंय तुम्ही. नाही हो, जीभ जड असती तर पहिल्याच वेळी अडली असती ना.

"चटईला टाचणी टोचली" घ्या. चटईत आधी च मग ट, आणि टाचणी नि टोचलीत बरोब्बर उलटं. ट ला जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, च ला तेच टोक पुढे आणायचं, म्हणजे एकाच टोकाची पळापळ आणि वर मधेच क्रमही बदलायचा. मग "टटईला चाचणी" होणारच!

"राळ्यात राळे मिसळले" मधे तर र, ळ, ल तिन्ही त्या टोकाचीच कामं. माझ्या मते सगळ्यात वाईट जागा "मिसळले" मधलं ळले, कारण लिहिताना ळ पूर्ण दिसतो पण बोलताना ळ आणि ल च्या मधे स्वर उरतच नाही, मागून थेट पुढे उडी.

पण सगळं जिभेवर ढकलावं तर "कच्चा पापड पक्का पापड" चं काय? क जिभेच्या मागच्या भागाचा, प ओठांचा, दोघं एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत, तरी "पच्चा पापड" होतंच. कारण तोंड एक शब्द बोलत असतं तेव्हा मेंदूने पुढचे शब्द आधीच रेडी ठेवलेले असतात, आणि कच्चा-पक्का असे एकाच साच्यातले असले की कुठला आवाज कुठे बसवायचा यात अदलाबदल होते. 2007 मधे छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांच्या जिभेवर सेन्सर लावून "कॉप टॉप" असं परत परत म्हणायला लावलं होतं, तर कधीकधी क ची आणि ट ची हालचाल चक्क एकाच वेळी होत होती. अशी चूक ऐकणाऱ्याला दरवेळी कळतेच असंही नाही, म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा जास्तच चुकत असतो :) आणि मनातल्या मनात वाचतानाही अशी वाक्यं स्लो होतात, हे 1982 पासून प्रयोगांत दिसलंय.

प्रॅक्टिस करायची तर अख्खं वाक्य घोकू नका, अडणारी जोडीच काढा, नुसतं "टाच-चट, टाच-चट" हळू म्हणा, मग स्पीड वाढवा. दातात पेन्सिल धरून म्हणायचा सल्ला बरेच जण देतात, मला तरी त्याचा काही फायदा दिसला नाही, नुसती लाळ गळते.