वाचकांचे प्रश्न : इम्प्रेसमधले दातेरी फोटो

प्रश्न : लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती टाकल्यापासून इम्प्रेसच्या (त्यातल्या सादरीकरणाच्या प्रोग्रॅमच्या) स्लाइड शोमध्ये फोटो दातेरी दिसतात. जुन्या आवृत्तीत स्वच्छ होते. दोष कसा शोधावा?

उत्तर : आधी फाइल तपासा. ओडीपी, म्हणजे इम्प्रेसची फाइल, ही मुळात झिप फाइलच. तिची प्रत उघडून ‘पिक्चर्स’ फोल्डर पाहा. तिथला फोटो मूळ पिक्सेलइतकाच असेल, तर माल शाबूत आहे. बिघाड दाखवण्यात आहे. विंडोजवर ‘टूल्स – ऑप्शन्स – लिब्रेऑफिस – व्ह्यू’मध्ये स्किया (पडद्यावर चित्र रेखाटणारा भाग) बंद करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. फोटो सुधारला, तर संशयित सापडला.

४००० पिक्सेलचा फोटो १९२० पिक्सेलच्या पडद्यावर आणताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्यावी लागते. ती न घेता मधले पिक्सेल नुसते गाळले, की तिरप्या तारा तुटक दिसतात. म्हणून चाचणीला विजेच्या तारांचा फोटो घ्या. आकाशाचा फोटो काहीच सांगत नाही.

कोडमधला नेमका कोणता बदल नडला, ते हुडकायला लिब्रेऑफिसचे ‘बायबायसेक्ट’ भांडार वापरा. त्यात आधीच तयार केलेले बिल्ड (कोडच्या एकेका टप्प्यावरचा चालवता येणारा प्रोग्रॅम) असतात, स्वतः कंपाइल करत बसावे लागत नाही. ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा मधला बिल्ड तपासायला देते आणि तुमच्या उत्तरावरून दर वेळी उरलेल्यांतले निम्मे गाळते. १००० बिल्ड असले तरी सुमारे १० चाचण्या पुरतात. लिब्रेऑफिसकडच्या तक्रारीत चाचणीची फाइल, जुन्या-नव्या आवृत्तीचे दोन्ही स्क्रीनशॉट आणि सापडलेला कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) द्या. नुसते ‘फोटो खराब दिसतो’ लिहिलेत, तर पहिला उलट प्रश्न फाइलचाच येईल.