स्टोन रोझेसच्या पहिल्या अल्बममधला डान्स कुठे शोधायचा?

तुम्ही विचारलंय की ‘द स्टोन रोझेस’ या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम (१९८९) म्हणजे इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या बँडांचं) गिटार आणि डान्स संगीताचा मिलाफ, असं जो तो सांगतो, मग दोनदा ऐकूनही साठच्या दशकातल्यासारखी गिटारची गोड गाणीच का सापडली? तुमच्या कानांत काही दोष नाही. जॉन स्क्वायरची गिटार खरोखरच त्या दशकातून आलीये, आणि निर्माता जॉन लेकीनेही तिला तसंच चकचकीत ठेवलंय. अल्बममध्ये हाउस संगीताचे (क्लबात नाचायला वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे) ठोकळेबाज बीट शोधाल तर हाती काही लागणार नाही.

अर्धा घोळ ‘फूल्स गोल्ड’ने घातलाय. बँडचं सगळ्यात नाचरं गाणं तेच, पण ते मूळ अल्बमवर नव्हतंच. अल्बम मे महिन्यात आला आणि हे गाणं नोव्हेंबरमध्ये, सिंगल म्हणून. जवळपास दहा मिनिटं लांब, खाली बॉबी बर्डच्या जुन्या फंक रेकॉर्डमधला ड्रमचा तुकडा फिरत राहतो आणि वर स्क्वायरची वा-वा गिटार (पेडल दाबून ‘वा-वा’ असा सूर काढणारी). ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं. अमेरिकन आवृत्तीत ते अल्बमच्या शेवटी जोडलं गेलं, म्हणून पुष्कळांच्या डोक्यात दोन्ही एकच झालंय. माझं ऐका, मूळ अकरा गाण्यांचीच आवृत्ती घ्या. तिचा शेवट ‘आय ॲम द रेझरेक्शन’वर होतो आणि तिथेच व्हायला हवा.

आता अल्बमकडे. पुढच्या वेळी गिटार आणि इयन ब्राउनचा आवाज दोन्ही सोडून द्या आणि फक्त ड्रम आणि बेस ऐका. ड्रमवर रेनी, बेसवर मानी. त्या काळातले बहुतेक इंडी ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सरळ ठोकून मोकळे व्हायचे. रेनी त्या दोन ठोक्यांच्या मध्ये हलक्या हाताने इतकं काही भरतो की ठेका सतत पुढे सरकत राहतो. ‘शूट यू डाउन’सारख्या आळसावलेल्या गाण्यातही त्याचा हात झुलतो. शिवाय ब्राउनच्या मागे ऐकू येणारा वरच्या पट्टीतला आवाजही त्याचाच.

मानीचं काम याहून सोपं वाटतं, पण सगळं उभं आहे त्यावरच. ‘आय वॉना बी अडोर्ड’ सुरू होतं तेव्हा आधी नुसती घरघर, मग बेस, मग गिटार, मग ड्रम. गायकाला तोंड उघडायला दीडेक मिनिट लागतं. थर एकेक करून चढवायची ही पद्धत डान्स क्लबात रुळलेल्या माणसाला ओळखीची होती. हे चौघे मँचेस्टरचे, आणि १९८८च्या उन्हाळ्यात त्याच शहरात हासिएंडा क्लबमध्ये ॲसिड हाउसवर (हाउसच्याच एका प्रकारावर) पोरं रात्ररात्र नाचत होती. गिटारवाल्यांचा श्रोता आणि क्लबातला श्रोता तिथे एकच व्हायला लागला होता. ढगळ विजारी आणि टोप्या दोन्हीकडे त्याच.

‘डोंट स्टॉप’ तुम्हाला बहुधा भरतीचं वाटलं असेल. मलाही ते गाणं म्हणून फार आवडत नाही, पण ते बनलं कसं ते बघा. आधीच्याच ‘वॉटरफॉल’ची टेप उलटी फिरवली आणि तिच्यावर नवे शब्द गायले. गिटार बँडने स्वतःच्याच गाण्याचा रीमिक्स (तेच रेकॉर्डिंग बदलून केलेली नवी आवृत्ती) अल्बममध्येच, मूळ गाण्याला खेटून ठेवलाय. त्या मानाने ‘एलिझाबेथ माय डिअर’ मिनिटभरात संपतं. ‘स्कारबरो फेअर’ची चाल घेऊन राणीचा शेवट मागायचा, एवढाच त्याचा खेळ.

आणि मग ‘आय ॲम द रेझरेक्शन’. आठ मिनिटांच्या वर. साडेतीन-एक मिनिटांत गाणं रीतसर संपतं, शब्द संपतात, आणि पुढची चार-साडेचार मिनिटं तिघे नुसते वाजवत राहतात. थांबतात, पुन्हा उचलतात, परत थांबतात. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर या उत्तरार्धात आहे. इथे गिटारही ठेक्याची चाकरी करते. हा भाग खोलीत मोठ्या आवाजात लावा, फोनच्या स्पीकरवर बेस मरतो आणि मग उरतात ती तुम्हाला ऐकू आलेली साठच्या दशकातली गाणीच.

एक फरक ध्यानात ठेवा. त्याच शहरातल्या हॅपी मंडेज या बँडला क्लबात नेलं ते बऱ्याच अंशी पॉल ओकनफोल्डसारख्या डीजेंच्या रीमिक्सनी. पुढे १९९१मध्ये प्रायमल स्क्रीम या बँडने ‘स्क्रीमाडेलिका’ अल्बमसाठी डीजे अँड्र्यू वेदरॉलला हाताशी धरलं. रोझेसनी या अल्बमवर असा बाहेरचा डीजे घेतला नाही, जे केलं ते चौघांच्या हातांनी. म्हणूनच त्यातला डान्स पटकन दिसत नाही, आणि म्हणूनच, माझ्या मते, तो कमी जुना झालाय. स्क्रीमाडेलिका मला प्रिय आहे, पण तिच्यावर तिचं साल छापलेलं ऐकू येतं.

दुसरा अल्बम, ‘सेकंड कमिंग’, १९९४च्या डिसेंबरमध्ये आला. त्यात स्क्वायरची गिटार इतकी पसरलीये की रेनीला जागाच राहत नाही. तो लगेच ऐकू नका. आधी ‘फूल्स गोल्ड’ची पूर्ण लांबीची आवृत्ती ऐका, रेडिओसाठी कापलेली नको.