गराजचे सेन्सर छताला बांधू नका. दरवाजा परत का जातो ते आधी शोधा

हॅन्डीमनने सुचवलेलं ते काम कृपया करून घेऊ नका. दरवाज्याखाली कोणी आलं तर ते ओळखणारे दोन्ही सेन्सर काढून छताजवळ समोरासमोर बांधले की दरवाजा बंद होईल हे खरं. पण मग खाली कोणी उभं असलं तरी तो थांबणार नाही, आणि घरात चार वर्षांचं मूल आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मी धरून चाललोय ते असं: न्यू जर्सीतलं नव्वदच्या दशकातलं घर, १६ बाय ७ फुटांचा दोन गाड्यांचा दरवाजा, वर आडव्या दांड्यावर गंज चढलेली स्प्रिंग. दरवाजा फूटभर खाली येतो, ओपनरचा (दरवाजा उघड-बंद करणाऱ्या मोटरच्या यंत्राचा) दिवा लुकलुकतो आणि दरवाजा परत वर जातो. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर मात्र नीट बंद होतो. शेजाऱ्यांनी फोर्स, म्हणजे ओपनर दरवाजा ज्या जोराने ढकलतो तो, वाढवायला सांगितलंय, आणि मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत.

बटण दाबून धरल्यावर बंद होतो, यातच निदान आहे. माणूस तिथे उभा राहून बघतोय असं गृहीत धरून ओपनर तेवढ्यापुरतं सेन्सरकडे दुर्लक्ष करतो. म्हणजे दोष सेन्सरच्या जोडीत किंवा तिच्या वायरीत आहे. फोर्सचा इथे संबंधच नाही. तो वाढवला तर तक्रार तशीच राहील आणि दरवाजा कशावर आपटलाच, तर उलटा फिरण्याआधी जास्त जोराने दाबेल. आधी कोणी वाढवून ठेवला असेल तर तोही उतरवावा लागेल. ते कसं ओळखायचं ते पुढे येतंय.

आता सेन्सर. दोन्ही डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या आत असतात. एक किरण सोडतो, दुसरा घेतो, आणि दोघांवर बारीक दिवा असतो. घेणाऱ्याचा दिवा स्थिर पेटलेला हवा. तो लुकलुकत किंवा विझलेला असेल तर आधी मऊ सुती कापडाने दोन्ही काचा पुसा, कोळिष्टकं काढा. मग पाठीमागचा पंखवाला नट थोडा सैल करा आणि डोळा केसभर वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवत राहा. दिवा स्थिर झाला की तिथेच धरून नट आवळा. दोन्ही डोळे एका उंचीवर आहेत का हे बघायला एका ब्रॅकेटपासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणली तरी पुरतं. कचऱ्याचा डबा किंवा मुलाची सायकल लागून पत्र्याचा ब्रॅकेट वाकलेला असतो, हे सर्रास घडतं. तो हाताने सरळ करता येतो.

तरीही दिवा स्थिर नसेल तर वायर बघा. बांधकामाच्या वेळी वायर भिंतीला स्टेपल पिनांनी ठोकलेली असते, आणि एखादी पिन वायरीच्या आवरणात रुतून बसते. दरवाजा हलला की कंपनाने तेवढ्यापुरता संपर्क तुटतो, म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही. वायरीला हात लावण्याआधी ओपनरचा प्लग काढा.

दरवाजा फक्त सकाळी किंवा फक्त संध्याकाळी परत जात असेल तर तिरकं ऊन घेणाऱ्या डोळ्यात शिरतंय. पेपर टॉवेलच्या पुठ्ठ्याच्या नळीचा तीन-चार इंचांचा तुकडा त्या डोळ्यावर टोपीसारखा बसवून बघा. फरक पडला तर दोन डोळ्यांच्या जागांची अदलाबदल करा, म्हणजे घेणारा सावलीच्या बाजूला येईल. डोळाच निकामी झाला असेल तर त्या ओपनरला जुळणारी नवी जोडी सहज मिळते.

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती ओपनरना हे डोळे किंवा दरवाज्याच्या कडेला दाब ओळखणारी पट्टी सक्तीची आहे. दरवाज्याखाली लहान मुलं सापडून जीव गेले, म्हणून ती सक्ती आली. तुमचा ओपनर त्याहून जुना असेल, डोळे नसतील किंवा नंतर जोडता येत नसतील, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, सरळ बदला.

पण डोळे ठीक झाले म्हणजे सगळं झालं असं नाही. किरण सहा इंचांवर एका रेषेत जातो. गाडीचा मागचा भाग दरवाज्याखाली राहिला तर किरण चाकांच्या मधून, गाडीच्या पोटाखालून आरपार जाऊ शकतो. म्हणून दुसरी चाचणी हवी, आणि ती बहुतेक घरांत कधीच होत नाही. दरवाज्याच्या मधोमध जमिनीवर टू बाय फोरचा (बांधकामातल्या लाकडी पट्टीचा) तुकडा आडवा ठेवा, म्हणजे उंची दीड इंच होते. रिमोटने दरवाजा बंद करा. लाकडाला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत तो उलटा फिरला पाहिजे. तिथेच थांबला किंवा दाबत राहिला तर फोर्स आणि खाली थांबण्याची मर्यादा नीट लावलेली नाही. ओपनरच्या पुस्तिकेत दोन्हींचे स्क्रू किंवा बटणं दाखवलेली असतात. फोर्स थोडा थोडा कमी करत हीच चाचणी परत करा. तरीही जमत नसेल तर तंत्रज्ञ येईपर्यंत ओपनर वापरू नका.

तिसरी चाचणी स्प्रिंगची, आणि तुमच्या बाबतीत मला हिचीच जास्त काळजी वाटते. दरवाजा मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. तुमच्या मापाचा साधा पत्र्याचा दरवाजासुद्धा साठ-सत्तर किलोंचा असतो. इन्सुलेशन असेल तर बराच अधिक. स्प्रिंग ते वजन तोलून धरते म्हणून छोटी मोटर त्याला फक्त ढकलते. दरवाजा पूर्ण बंद असताना ओपनरच्या रुळावरून लोंबणारी लाल दोरी खाली ओढून तो ओपनरपासून सोडवा आणि हाताने कमरेएवढा, तीन-चार फूट उचला. हळूहळू हात काढा, पण खाली पाय किंवा मूल असू देऊ नका. दरवाजा जागेवर राहिला तर तोल ठीक. घसरत खाली आला तर स्प्रिंग सैल पडली आहे, आणि इतके दिवस तो भार मोटर ओढत होती.

साध्या स्प्रिंगचं आयुष्य सुमारे १०,००० वेळा उघड-बंद होण्याचं धरतात. दिवसातून चार वेळा दरवाजा वापरला तर वर्षाला १,४६० होतात, म्हणजे सात वर्षांच्या आसपास. तुमची गंजलेली स्प्रिंग कधीची आहे ते माहीत नसेल तर तंत्रज्ञाला दाखवाच. सात फुटी दरवाज्याच्या स्प्रिंगला साधारण साडेसात फेरे पीळ दिलेला असतो. तो पीळ स्क्रूड्रायव्हर अडकवून सोडवायला गेलेल्यांचे हात मोडले आहेत. स्प्रिंग, तिच्या टोकाचे स्क्रू, केबल आणि दरवाज्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांतले ब्रॅकेट, जे बऱ्याचदा लाल रंगवलेले असतात, यांना स्वतः पाना लावायचा नाही. दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही एकदम बदला, कारण त्यांचं वय सारखंच असतं.

स्प्रिंग तुटते तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि वेटोळ्यांमध्ये दोनेक इंचांची फट दिसते. तेव्हा बटण दाबून बघू नका. दरवाजा वर अडकलेला असेल तर लाल दोरी मुळीच ओढू नका. सगळं वजन एकदम खाली येईल.

तेलाचं विचारलंत. वर्षातून दोनदा, थंडीच्या आधी एकदा नक्की, गराजच्या दरवाज्यासाठी मिळणारा सिलिकॉन किंवा लिथियमचा स्प्रे बिजागऱ्यांना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर हलकासा मारा. नेहमीचा डब्ल्यूडी-४० इथे टिकत नाही. ट्रॅकमध्ये तेल घालू नका, तो नुसता पुसायचा. तेलावर धूळ बसून लगदा होतो आणि रोलर अडखळतात. बिजागऱ्यांचे सैल झालेले नट आवळा. हिवाळ्यात खालचं रबर जमिनीला गोठून चिकटलं असेल तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, बर्फ मोकळा करून मगच उघडा.

आई-बाबा आले की त्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच हे प्रत्यक्ष दाखवा. दरवाजा हाताने ओढायचा तो त्याला लावलेली मूठ धरूनच. दोन पॅनलांच्या मधल्या फटीत बोटं घालायची नाहीत, दरवाजा सरळ होताना ती फट मिटते आणि बोट चिरडतं. वीज गेली तर दरवाजा खाली असतानाच लाल दोरी ओढायची. परत कसं जोडायचं ते ओपनरच्या पुस्तिकेत बघून दाखवा, जोडलं की खट् असा आवाज येतो. खाली येणाऱ्या दरवाज्याखालून कोणीही घाईने निघायचं नाही, नातवाला खेळ म्हणूनही नाही. भिंतीवरचं बटण पाच फुटांवर असावं, रिमोट मुलाच्या हाती लागू नये. आणि थंडीत गाडी गरम करायला दरवाजा उघडा असला तरी गराजमध्ये सुरू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

नवा ओपनर घ्यायची वेळ आली तर बॅटरीवाला घ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून तो सक्तीचा आहे, कारण २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही जणांना गराज उघडताच आलं नव्हतं. तुमच्याकडे सक्ती नाही, पण वादळात वीज गेली आणि घरात ज्येष्ठ मंडळी एकटीच असली तर त्यांना दरवाजा हाताने उचलावा लागणार नाही.

आज एवढं करा: दोन्ही दिव्यांचे रंग आणि कोणता लुकलुकतो ते बघून इथे लिहा, आणि स्प्रिंगचा फोटो टाका.