9 महिन्यांचा कुत्रा अंगावर उड्या मारतो, ओढतो, गुरगुरतो. घरच्या घरी कसं शिकवू?

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. घरी कुणी आलं की तो अंगावर उड्या मारतो, फिरायला नेलं की खांदा दुखेपर्यंत ओढतो, अजून अधूनमधून घरातच शू करतो, आणि गेल्या महिन्यापासून जेवताना जवळ गेलं की गुरगुरायला लागलाय. ओरडून झालं, वर्तमानपत्राची सुरळी उगारून झाली, उपयोग नाही. वर कुणीतरी सांगितलंय की तो तुमच्यावर वरचढ होऊ बघतोय, त्याला त्याची जागा दाखवा.

मी प्रशिक्षक नाही. पण घरात तीन कुत्री वाढवली, आणि त्यातल्या पहिल्याच्या बाबतीत नेमक्या याच सल्ल्याने नुकसान झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती सुरळी आजच टाकून द्या. वरचढ होण्याची ही कल्पना आली बंदिस्त लांडग्यांवरून. 1947 साली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या वागण्यावर लिहिलं, आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ती कल्पना सगळीकडे पसरली. पुढे रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्याच मीच यांनी 1999 मध्ये लिहिलं, की मोकळा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं: आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तुमचा कुत्रा गादीसाठी भांडत नाहीये. काय केलं की काय मिळतं, एवढंच तो बघतोय. त्यामुळे प्रत्येक तक्रारीपुढे आधी एकच प्रश्न ठेवा: यातून त्याला मिळतंय काय?

उड्यांचं घ्या. तो उडी मारतो, तुम्ही त्याच्याकडे बघता, बोलता, दोन्ही हातांनी ढकलता. तुमच्या लेखी ती शिक्षा, त्याच्या लेखी मस्ती. आमची भुरी दहा महिन्यांची असताना हेच करायची. मी मुठीत खाऊ घेऊन दाराशी उभी राहायचे, तिचे चारही पाय जमिनीला लागले की द्यायचा, असं ठरवून. आठवडा गेला तरी फरक पडेना. मग एक दिवस बहिणीने मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढला आणि गोम कळली. पाय टेकायचे, मी मूठ उघडून हात पुढे करायचे, तेवढ्या अर्ध्या सेकंदात ती पुन्हा हवेत, आणि खाऊ तिच्या तोंडात पडायचा तो हवेतच. म्हणजे मी आठवडाभर उडीलाच बक्षीस देत होते.

त्यानंतर हातातून देणं बंद केलं. पाय टेकले रे टेकले की खाऊ तिच्या पंजांपाशी जमिनीवर टाकायचा. खाऊ खाली, त्यामुळे नजर खाली, त्यामुळे पायही खाली. आधी घरातल्याच माणसांनी आत-बाहेर करून सराव दिला, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं. मग ओळखीचे पाहुणे आणि शेवटी अनोळखी. लीश, म्हणजे फिरायला नेताना बांधायची दोरी, दाराजवळच्या कडीला अडकवून ठेवली, म्हणजे उडी मारली तरी पाहुण्यापर्यंत पोचायची नाही. पाहुण्यांना एकच विनंती: ती शांत उभी राहीपर्यंत तिच्याकडे बघूही नका.

यात दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. लक्ष देणं थांबवलं की उड्या कमी व्हायच्या आधी वाढतात. इतके दिवस चालणारी युक्ती चालेना, म्हणून तो जास्त जोर लावून बघतो. बहुतेक लोक नेमके इथे हात टेकतात आणि ‘हे काही खरं नाही’ म्हणून सोडून देतात. दुसरी गोष्ट म्हणजे ‘असू दे, मला आवडतात कुत्री’ म्हणत उडी मारणाऱ्याला कुरवाळणारं माणूस. दहातून एकदाच, पण कधी ते न सांगता मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकदा एकत्र बसवून बोला. शब्दही एकच ठरवा. आमच्याकडे ‘खाली’ म्हणजे मला हवं होतं ‘आडवी हो’ आणि मुलांना हवं होतं ‘सोफ्यावरून उतर’. ती बिचारी आळीपाळीने दोन्ही करून बघायची.

ओढण्याचं उत्तर लहान आहे, पण वेळखाऊ. ओढलं की पुढे जायला मिळतं, म्हणून तो ओढतो. लीश ताणली गेली की थांबा, काही बोलू नका. तो मागे वळला, लीश सैल पडली की चाला. तुमच्या गुडघ्याशेजारी चालत असेल तेव्हा तिथेच खाऊ द्या. पहिले काही दिवस हे घरातच करा, बाहेरच्या वासांशी स्पर्धा नको. छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा, वापरा. गळा आवळणारी साखळी नको, आणि आपोआप लांबणारी लीश तर अजिबात नको, कारण ती कायम ताणलेली राहून ओढायलाच शिकवते. आणि त्याला हुंगू द्या. फिरायला जाण्यातलं त्याचं निम्मं सुख नाकात आहे. वीस पावलं नीट चालला की ‘जा, हुंग’ म्हणून झाडाशी सोडणं हे खाऊइतकंच मोठं बक्षीस आहे.

शूच्या बाबतीत आधी बघा की डबकं असतं की थोडेसे थेंब. सोफ्याच्या कडेला, पडद्यावर पाय वर करून थोडीच शू करत असेल, तर या वयातला नर आपल्या वासाची खूण करतोय. डबकं असेल तर वेळापत्रक पिल्लासारखं पुन्हा पहिल्यापासून: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ झाल्यावर बाहेर न्यायचं आणि शू संपताक्षणी तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. घरात आल्यावर दिला तर तो घरात येण्याचा खाऊ होतो. फरशी एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा, नाहीतर आपल्याला न येणारा वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो. अमोनिया असलेलं काही वापरू नका.

‘पण त्याला चूक कळते हो, चेहराच सांगतो’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं होतं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. काहीच न केलेली कुत्रीसुद्धा ओरडा बसला की तसाच चेहरा करत होती. तासाभरापूर्वीच्या डबक्यासाठी रागावलात, तर तुम्ही घरी आलात की भ्यायचं, एवढंच तो शिकेल.

आता गुरगुरणं. तुमच्या प्रश्नातली हीच ओळ वाचून मला काळजी वाटली.

आमचा पहिला कुत्रा हाडाशी गुरगुरायचा. मी दर वेळी त्याला दरडावून हाड काढून घ्यायचे, कारण तसंच करायचं असतं असं ऐकलं होतं. दोन-तीन महिन्यांत गुरगुरणं थांबलं आणि मला वाटलं, जमलं. मग एका संध्याकाळी तो हाड चघळत असताना मी शेजारून हात घातला. आवाज नाही, काही नाही, मान तेवढी ताठ झाली आणि दात हातात रुतले. करंगळीखालचा व्रण अजून आहे. त्याची भीती मी कमी केलीच नव्हती. फक्त भीती वाटतेय हे सांगण्याची त्याची सोय मी काढून घेतली होती.

म्हणून गुरगुरण्यावर रागावू नका. ‘माझं हिसकावून घेतील’ असं त्याला वाटतंय, ते वाटणं बदलायचंय. तो जेवत असताना तो निवांत राहील एवढ्या अंतरावरून जा, जाता जाता त्याच्या भांड्यातल्यापेक्षा चांगलं काहीतरी भांड्याजवळ टाका आणि न थांबता पुढे निघून जा. भांडं उचलायचं नाही, वाकायचं नाही. काही दिवसांनी तुम्ही दिसलात की तो मान वर करून शेपूट सैल हलवायला लागेल, आता काय मिळणार म्हणून. मग अंतर एक पाऊल कमी करा. अंग ताठलं, खाण्याचा वेग अचानक वाढला, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसलं, तर घाई झाली असं समजून दोन पावलं मागे या. ‘सवय व्हावी म्हणून जेवताना भांड्यात हात घाला’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तोंडातली वस्तू हवी असेल तर त्याहून चांगलं काही देऊन अदलाबदल करा. घरात लहान मुलं असतील तर त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू द्या. तो आधी कुणाला चावला असेल तर हे काम एकट्याने न करता पशुवैद्याकडून वर्तनतज्ज्ञाचं नाव घ्या.

खरं तर पशुवैद्याकडे आधीच जा. गुरगुरणं महिनाभरातलंच आहे, शूही घरात होतेय. दात, कान, सांधा दुखत असेल तरी कुत्रा असाच जवळ येऊ देत नाही, आणि मूत्रमार्गात संसर्ग असेल तर कितीही खाऊ दिलात तरी त्याला शू धरून ठेवता येणार नाही. तिथून सगळं ठीक आलं की भांड्याचं आणि उड्यांचं काम एकाच वेळी सुरू करा, ओढण्याचं दोन आठवड्यांनी घेतलं तरी चालेल. तोवर एक करा: तो जेवत असताना नेमक्या किती पावलांवर ताठतो ते मोजून इथे लिहा. सुरुवात कुठून करायची ते त्यावरून सांगते.