गावापर्यंत येणाऱ्या बसची तूट कोणी भरायची?

प्रश्न : पीएमपीची बस हडपसरहून आमच्या गावापर्यंत येते, परंतु तिचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका सोसतात, असे वाचले. आम्ही तर कोणत्याच महापालिकेच्या हद्दीत नाही. मग आमच्या वाट्याचे पैसे कोणी द्यावेत आणि ते कसे ठरवावेत?
— एक वाचक, उरुळी कांचन

उत्तर : पुणे महापालिकेची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवांचे विलीनीकरण होऊन 2007 मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी) ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्यात पुणे महापालिकेचा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के हिस्सा ठरला. उत्पन्न खर्चाला पुरत नसल्यामुळे दरवर्षी येणारी संचलन तूटही याच प्रमाणात भरली जाते. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही शहरांच्या लोकसंख्येचे प्रमाण साधारण 64 ला 36 येते, त्यामुळे या दोघांपुरती ही वाटणी अवाजवी म्हणता येत नाही. अडचण आहे ती त्यांच्या हद्दीबाहेरची.

तुमचाच मार्ग घ्या. शेवाळेवाडी 2021 पासून पुणे महापालिकेत आहे. ती मागे पडली की कदमवाकवस्ती, लोणी काळभोर, कुंजीरवाडी असे करत बस उरुळीला पोहोचते आणि हा सारा टप्पा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) क्षेत्रात येतो. पीएमआरडीएने अलीकडे तुटीचा काही भार उचलला, हे योग्यच झाले. मात्र दरवेळी पत्रव्यवहार आणि बैठका करून रक्कम ठरण्याऐवजी त्यासाठी कायमचे सूत्र असायला हवे.

त्या सूत्राचा पाया प्रत्येक हद्दीत प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर हाच असावा, असे मला वाटते. तरीही सगळी वाटणी केवळ किलोमीटरवर सोडणे धोक्याचे आहे, कारण मग पैसे वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे फेऱ्या कमी करणे, आणि त्यात पहिली कात्री रात्रीच्या शेवटच्या बसला लागते, जिच्यावर दुसरी पाळी संपवून घरी परतणारे कामगार अवलंबून असतात. शिवाय लोणीचा माणूस हडपसरला कामाला जातो, तेव्हा त्याच्या श्रमाचा लाभ शहरालाही होतोच. म्हणून तुटीचा काही भाग लोकसंख्येनुसार ठरावा आणि उरलेला किलोमीटरनुसार. पासच्या सवलतींचा खर्च मात्र या तुटीत मिसळू नये. ज्या संस्थेने सवलत जाहीर केली, तिनेच तो वेगळा द्यावा.

ग्रामपंचायतींकडून तुटीचा वाटा मागू नये; घरपट्टीच्या उत्पन्नातून त्यांना तो झेपणार नाही. पीएमआरडीएचे उत्पन्नही बऱ्याच अंशी विकास शुल्क आणि भूखंडांतून येते आणि बांधकामे मंदावली की ते घटते. त्यामुळे बससाठीची रक्कम अर्थसंकल्पातच स्वतंत्रपणे राखून ठेवणे आवश्यक आहे.

तुमच्या मार्गावरील किलोमीटर, प्रवासी आणि उत्पन्न यांची माहिती पीएमपीएमएलकडे माहितीच्या अधिकारात मागता येईल. ती ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडून पीएमआरडीएकडे पाठवावी आणि अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्यापूर्वी पाठवावी.