राखीव निधी : पोर्तुगीज मजकूर हाती घेण्याआधी

भाषांतराला घेतलेला मजकूर ब्राझीलचा की पोर्तुगालचा, हे आधी बघ. बँकांनी मध्यवर्ती बँकेकडे सक्तीने ठेवायच्या रकमेला इंग्रजीत दोन्हीकडे ‘रिझर्व्ह रिक्वायरमेंट’ चालतं, पण ब्राझीलमध्ये ‘देपॉझितु कोंपुल्सोरियु’ म्हणतात, लिस्बनमध्ये ‘रेझेर्वश मीनिमश ओब्रिगातोरियश’. अदलाबदल केलीस तर जाणकार पहिल्याच ओळीत ओळखतो.

खरी गल्लत नुसत्या ‘रेझेर्वश’ने होते. ताळेबंदात भागभांडवलाशेजारी तो शब्द दिसला, तर ती न वाटलेल्या नफ्याची गंगाजळी. मध्यवर्ती बँकेकडे ठेवलेली रोकड नव्हे. ‘प्रोव्हिझांव’ तिसरंच, बुडीत कर्जांची तरतूद. म्हणून शब्दाआधी रकाना वाच.

आकडा स्वतः मांडून बघ. युरो क्षेत्रात दर 1 टक्का, 2012 पासून. पात्र ठेवी, म्हणजे ज्यांवर हा दर लागतो त्या, 50 कोटी युरो असतील तर 50 लाख; त्यातून सरसकट सूट 1 लाख वजा, राहिले 49 लाख. ही रक्कम रोजच्या रोज नाही, साधारण सहा-सात आठवड्यांच्या सरासरीने राखायची असते. ‘सरासरी’ गाळलीस की एखाद्या दिवशीची कमी शिल्लकही नियमभंग वाटते. आपल्या सीआरआरलाही, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख राखीव प्रमाणालाही, पंधरवड्याची सरासरी आहे, पण तिथे रोजची किमान पातळीही ठरलेली असते. ती अट युरोच्या मजकुरात घुसडू नकोस.