उतारावर सुरू होते, अंगणात का नाही?

प्रश्न : काका, माझ्याकडे १९९६ची महिंद्राची डिझेल जीप आहे. दिवसा कितीही फिरवा, तक्रार नाही. पण रात्रभर अंगणात उभी राहिली की पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. टाकीतलं डिझेल ओढणारा फीड पंप हाताने वीस-पंचवीस वेळा मारला की सुरू होते, मग दिवसभर बघावं लागत नाही. नवल असं, की बागेच्या उतारावर तोंड खाली करून लावली तर दुसऱ्या दिवशी एका सेल्फमध्ये चालू! डिझेल कुठंही गळत नाही. मेकॅनिक म्हणतो पंप आणि नोजल दोन्ही करावं लागेल, खर्च अठरा हजार. ऑक्टोबर छाटणी झालीय, रोज पहाटे फवारणीला जायचं असतं. पंप करून घेऊ का? की टाकीत पाणी गेलं असेल?
— एक द्राक्षबागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : मोठा पंप, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलांना दाबानं डिझेल देणारा, खोलायला देऊ नका. उताराच्या त्या एका ओळीत तुमच्या जीपचा आजार सगळा आलाय, आणि ती ओळ तुम्ही लिहिलीत याचं मला फार बरं वाटलं. सांगलीत एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं डिझेल इंजिनं खोलली. ड्रायव्हर असं काही आपणहून सांगायचा तेव्हा निम्मं काम तिथंच व्हायचं.

तुमची टाकी फीड पंपापेक्षा खाली आहे. इंजिन बंद झालं की मधल्या नळीतलं डिझेल आपल्या वजनानं टाकीकडं उतरू पाहतं. पाण्यानं भरलेल्या नळीचं वरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं तर खालून पाणी सांडत नाही. तशी तुमची नळी हवाबंद असेल तर डिझेल जागचं हलत नाही. केसाएवढी फट पडली की अंगठा उचलल्यासारखं होतं. रात्रभरात हवा शिरते, डिझेल मागं जातं, पहाटे नळीत नुसती हवा. तोंड खाली करून लावलीत की टाकीच वर येते, मग डिझेल मागं जाणार कुठं?

थेंब गळत नाही म्हणजे जोड चांगले, असं मात्र समजू नका. फीड पंपाच्या पुढं डिझेल दाबाखाली असतं, तिथं फट असली तर ओल दिसते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. तिला फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून इथं चांगले चांगले मेकॅनिक फसतात आणि गिऱ्हाइकाचा पंप विनाकारण टेबलावर येतो. मोठा पंप झिजला असता तर बहुतेक वेळा तक्रार तापलेल्या इंजिनावर येते, कारण गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या प्लंजरमधून, म्हणजे पंपातल्या दट्ट्याच्या कडेनं, निसटतं. तुमची जीप तर दिवसभर शहाण्यासारखी चालते.

आता फट शोधायलाही तोच उतार वापरा. जीप संध्याकाळी तिथं तोंड खाली करून लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा प्रत्येक जोड फडक्यानं कोरडा पुसा आणि त्यावर वर्तमानपत्राचा एकेक पट्टा दोऱ्यानं बांधा. रात्रभर टाकीतल्या डिझेलचा भार त्या जोडांवर राहील. जिथून एरवी हवा आत जाते तिथूनच आता डिझेल बाहेर झिरपेल. सकाळी जो कागद तेलकट दिसेल, त्याखाली तुमचे अठरा हजार आहेत.

माझा पहिला संशय रबरी नळीवर. क्लिपखाली ती कडक होऊन चिरते आणि वरून ठणठणीत दिसते. दुसरा फीड पंपाच्या हातदांड्यावर. रोज मारताय, पण मारून झाल्यावर दट्ट्या पूर्ण खाली दाबून आटे घट्ट फिरवता का? सैल राहिला तर तिथूनही हवा घेतो. मग जोडांमधले तांब्याचे वॉशर. नवे टाका, दोन-पाच रुपयांसाठी जुने ठेवू नका. नवा वॉशर रात्री मिळालाच नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून थंड करा, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं.

सगळे कागद कोरडे निघाले तर टाकीतली ओढनळी बाहेर काढून बघा. गंजून तिला वरच्या बाजूला भोक पडलं असेल तर टाकी भरलेली असताना त्रास नसतो, डिझेल भोकाच्या खाली गेलं की सुरू होतो. तुमच्या बाबतीत असं होतं का, हे पत्रात नाही.

दुरुस्तीनंतर हवा नीट काढा. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. फेस थांबून सलग डिझेल येऊ लागलं की वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसाच. तरीही चालू झाली नाही तर नोजलच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, आणि तोंड, हात लांब ठेवा. नोजलमधून सुटणारी धार शंभर बारच्या वर असते, कातडी भेदून आत जाते. ते साधं खरचटणं नव्हे, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

पाण्याचं म्हणाल तर टाकीच्या तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. पाणी असेल तर ते जड असल्यानं खाली वेगळं दिसेल. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत अशा बाटल्यांची रांग माझ्या ओसरीवर असायची. पण पाण्यानं बिघडलेली गाडी उतार-अंगण असा भेद करत नाही, म्हणून मला ती शंका फारशी वाटत नाही.

तोवर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. कुणी सांगितलं म्हणून इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तुमच्या इंजिनात थंडीत ते तापवणारे हीटर प्लग असतील आणि तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकला, तर पिस्टन जातो.

कोणता कागद भिजला, ते मात्र कळवा.